हजारपट गोळी

बायकोने, सुगंधाने, थायरॉइडची गोळी गिळली आणि धाकूची नजर नव्या पाकिटावर गेली. जुन्यावर ०.०५ होतं, यावर चक्क ५०. म्हणजे हजारपट! औषधवाला फोन उचलेना.

"छातीत धडधडतंय का गं?"

"तुमचं तोंड बघून धडधडतंय."

धाकूने चपला चढवल्या. औषधवाल्याला पुरावा दाखवायचा म्हणून दोन्ही पाकिटं उचलली, तेव्हा आकड्यांपुढची बारीक अक्षरं दिसली. जुन्यावर मिलिग्रॅम, नव्यावर मायक्रोग्रॅम. अंधेरीच्या कारखान्यात बावीस वर्षं लेथवर तो हेच ओरडत होता की पन्नास मायक्रॉन म्हणजे ०.०५ मिलिमीटर.

तो मटकन खाली बसला. "सारखंच आहे गं."

"मग चपला काढा," सुगंधा म्हणाली. "लादी आत्ताच पुसलीय."