उपडी बादली

मित्रांनो, तुम्ही मला बघाल तेव्हा मी उपडीच असेन. मी एक जुनी जस्ती बादली आहे. अमेरिकेत कॅन्ससमधल्या एका लहान कॉलेजने मला पाण्यासाठी विकत घेतले, आणि पहिल्याच दिवशी फुटबॉलचे कोच ऑर्व्हिल टॅकेट मला उपडी करून माझ्यावर उभे राहिले. कोच होते बुटके, आणि सराव तर उंचावरून बघायचा होता.

सरावात पाणी प्यायले की मुले मऊ पडतात, असे तेव्हा सगळेच कोच मानत. आमचे तर भलतेच हट्टी. ऑगस्टच्या उन्हात मुले घामाने भिजलेल्या बाह्या चोखत आणि पुन्हा धावत. संघ जिंकत गेला, कोचचे नाव झाले, वर्तमानपत्रात माझाही फोटो आला. मला मात्र लाज वाटायची. बादली असून मी वर्षानुवर्षे कोरडीच होते.

एका दुपारी डेलबर्ट क्रूझ हा दांडगा खेळाडू माझ्यासमोरच कोसळला.

"ऊठ, नाटकं पुरे," कोच म्हणाले.

तो हलेना. कोचनी खाली उडी मारली, त्याच्या कपाळाला हात लावला आणि मला घेऊन नळाकडे धावले. माझ्यातले पाणी त्यांनी त्याच्यावर ओतले, पुन्हा भरले, पुन्हा ओतले. डेलबर्टने डोळे उघडले, तेव्हा कोच रडत होते.

दुसऱ्या दिवशी मी मैदानात काठोकाठ भरलेली होते.

"आता या बाळांना दुधाच्या बाटल्याही आणू का?" त्यांचा मदतनीस रॉय हसला.

"आण. आधी पेले आण."

"कोच, यंदा हरलात तर देणगीदार तुम्हाला घरी बसवतील."

"बसेन. पण पोरं पाणी पितील."

त्या वर्षी संघ हरला आणि कोचची नोकरी गेली. शेवटच्या सरावालाही त्यांनी मला स्वतःच्या हाताने भरले.

पुढे कॉलेजला त्यांचे जुने विजय आठवले. मला काचेच्या कपाटात ठेवले, उपडी. एकदा पिकल्या केसांचा डेलबर्ट आला.

"बाई, हिला सुलटी करा," तो कपाटाची देखरेख करणाऱ्या बाईंना म्हणाला.

"अहो, कोच हिच्यावर उभे राहून जिंकले."

"आणि मी हिच्यातल्या पाण्यानं जगलो."

बाईंनी मला सुलटी केले. तो गेल्यावर पुन्हा उपडी.

मित्रांनो, तुमच्या मैदानावर बादली असेल, तर ती आधी भरा. उभे राहायला दगडही चालतो.