राखेचे डाग

मित्रांनो, मी ओकच्या लाकडाचे एक जुने कपाट आहे. स्वभावाने पक्का संशयी. घरभराच्या चादरी ज्याच्या पोटात, त्याने प्रत्येक हाताकडे जरा तिरकेच बघावे.

म्यूज नदीकाठच्या शेतघरात मी फिलोमेनबाईंच्या लग्नात आलो. किल्ली कायम त्यांच्या कमरेला. त्यांचा मुलगा आन्सेल्म सतराव्या वर्षीच पाद्र्यांवर, सम्राटावर जहाल कविता लिही, आईचा मार खाई आणि पळून जाई. शेवटचा पळाला त्या दिवशी त्याने किल्ली लांबवली आणि माझ्या तळाला अंथरलेल्या कागदाखाली कवितांची पाने सरकवली.

"ओदिल, आईला कळू देऊ नकोस. चुलीत घालेल ती," तो बहिणीला म्हणाला. मलाही तसेच वाटले. मग बाईंनी दार उघडले की मी भीतीने डोळेच मिटून घेई.

बारा वर्षांनी आन्सेल्म परमुलखात तापाने गेला. तेव्हा कुठे त्याच्या छापलेल्या चार कविता वाचून, उरलेल्या शोधत पॅरिसचे टोपीवाले विद्वान येऊ लागले. एकाने तर माझी पाठ ठोकून पाहिली, चोर मेला! ओदिल त्यांना सांगे, "दादा फार देवभोळा होता हो." तरी माझा संशय आईवरच.

वसंतात मोठी धुणी निघाली. मला रिकामे करायला बाईंनी किल्ली ओदिलकडे दिली, तसा मी निर्धास्त झालो. चादरींवर चाळलेली राख पसरून वर उकळते पाणी ओतायची आमच्याकडे रीत. या खेपेला एक चादर तांबूस ठिपक्यांनी भरून निघाली.

"कुठली राख घातलीस गं?" बाईंनी विचारले.

"ओकची असेल, आई. तिचे डाग पडतात ना."

"चाळीस वर्षं राख चाळतेय मी. मला शिकवतेस?"

बाई तरातरा माझ्याकडे आल्या. तळाचा कागद उचलला. खाली काहीच नव्हते.

"शाईत लोखंड असतं, पोरी. हा त्याचा गंज."

ओदिल रडू लागली. "लोकांनी दादाला नावं ठेवू नयेत म्हणून चुलीत जाळली गं. पण तुला कसं कळलं?"

"बारा वर्षं दर शनिवारी बघत होते मी ती पानं. निम्म्या मलाच शिव्या होत्या त्यात."

"मग तूच का नाही जाळलीस?"

"अक्षर त्याचं होतं."

ती चादर बाईंनी स्वतः घडी करून माझ्यात ठेवली. "मी गेले की हीच गुंडाळा," म्हणाल्या. अकरा वर्षांनी त्या तिच्यातच गेल्या.

आता मी संग्रहालयात असतो. मित्रांनो, मला तेल लावा, वाळवीपासून जपा. पण त्याआधी माझ्या शेजारची पाटी काढा. कविता कठोर आईने जाळल्या, असे तिच्यावर लिहिले आहे. मीही तेच धरून बसलो होतो, आणि माझे चुकले.