बदकाची जागा

एक स्टूल डोळ्यांसमोर आणा. लाकडी, चार पायांचं. त्यातला एक पाय जरा आखूड, म्हणून बसणारा हलला की टक् असा आवाज करणारं. शेजारी टेबल, त्यावर भलामोठा स्क्रीन, आणि स्क्रीनच्या कडेवर दुपारचं ऊन. आणलंत? आता त्या स्टुलावर दहा वर्षांच्या एका मुलीला बसवा. नाही, थांबा, उठवा तिला. कारण गोष्ट सुरू होते तेव्हा त्या स्टुलावर दुसरंच कुणीतरी बसलेलं आहे, आणि मुलगी दारात उभी राहून पेन्सिलीचं मागचं टोक चावते आहे.

"मग इथे आपण यादीतली पहिली फाइल उचलतो," आई स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाली. "का उचलतो?"

"कारण ती सगळ्यात नवी," स्टुलावरची विद्यार्थिनी म्हणाली.

"बरोबर."

"आई, पाणी हवंय?" मुलीने दारातून विचारलं.

"नको गं."

"त्यांना?"

"त्यांना काय? ताई म्हण."

मुलगी गेली. पाणी काही आणलं नाही.

आई कॉलेजात सॉफ्टवेअर शिकवायची. त्या धंद्यातल्या माणसांची एक गमतीची रीत आहे. प्रोग्रॅम कुठे अडला आणि चूक सापडेना, की तो पहिल्या ओळीपासून मोठ्याने कुणाला तरी समजावून सांगायचा. ऐकणाऱ्याला त्यातलं ओ की ठो कळत नसलं तरी चालतं. सांगता सांगता सांगणाऱ्यालाच आपली चूक ऐकू येते. म्हणून पुष्कळ जण टेबलावर रबराचं बदक ठेवतात आणि त्यालाच सांगत बसतात. आईने कधी बदक ठेवलं नाही. तिला मुलगी होती.

शाळेत जायच्या आधीपासून मुलगी त्या स्टुलावर बसत आली होती. जांभई द्यायची नाही, मध्येच प्रश्न विचारायचे नाहीत, हूं करायचं ते वाक्य संपल्यावर. हे नियम तिने कडक पाळले. आणि तिला तो क्षण बरोबर ओळखता यायचा. बोलता बोलता आई अर्ध्या वाक्यात थांबायची. ओठ पुढच्या शब्दासाठी उघडलेले, हात हवेत. मग म्हणायची, "सापडलं." आणि मुलीचा गाल ओढायची. घरात तिला बदक म्हणत ते म्हणून. शेजारपाजारच्यांना वाटे, हिच्या चालीवरून पडलं असेल नाव. मुलीने त्यांना कधी ताकास तूर लागू दिली नाही.

यंदा ही विद्यार्थिनी यायला लागली, दर शनिवारी. दूरच्या दुसऱ्या एका कॉलेजातल्या संशोधकांबरोबर आई आणि ती मिळून एक काम करत होत्या. कुणी प्रोग्रॅममध्ये बदल केला, की त्यामुळे जुनं काय बिघडेल हे आधीच सांगणारा प्रोग्रॅम. विद्यार्थिनी हुशार होती. आईने एक सांगावं, तिने पुढचं बोलावं. दोघी एकदम हसायच्या, आणि कशाला हसल्या ते दारातून कळायचं नाही.

"काय डोकं आहे त्या पोरीचं," आई जेवताना म्हणाली.

"मग आता आमच्या बदकाला पेन्शन लावायची का?" बाबांनी विचारलं.

आई हसली, बाबा हसले. मुलीने ताटातल्या भाताची भिंत बांधली, पाडली आणि पुन्हा बांधली.

पण तेवढ्यावर भागतं तर बरं होतं. मागच्या शनिवारी आईने पर्समधून काहीतरी काढलं आणि विद्यार्थिनीच्या हातावर ठेवलं. पिवळं, रबराचं, नारिंगी चोचीचं. "हे घे. हे तुझं," आई म्हणाली. विद्यार्थिनीने ते स्क्रीनच्या पायाशी ठेवलं. मुलगी खोडरबर शोधायचं निमित्त करून तिथे घुटमळत होती. बदक तिच्याकडे बघून हसत होतं.

आपल्या जागेवर कुणी बसलं तर माणूस एक वेळ सोसतं. पण आपलं नावही उचलून त्याला द्यावं? त्या संध्याकाळी रबराचं बदक टेबलावरून उठलं आणि मुलीच्या लहान झालेल्या गमबुटात, पार अंगठ्यापाशी जाऊन बसलं.

या शनिवारी आईला परीक्षेच्या कामासाठी कॉलेजात जावं लागलं. विद्यार्थिनी एकटीच काम करत होती. आईची खुर्ची रिकामी असूनही ती स्टुलावरच बसली होती, हे मुलीने आल्या आल्या पाहिलं आणि चित्रं रंगवायला मुद्दाम त्याच खोलीत ठाण मांडलं.

स्टूल सारखं टक् टक् करत होतं. मग विद्यार्थिनीने कागद उचलून पाहिले, कीबोर्ड उचलला, टेबलाखाली वाकली.

"माझं बदक पाहिलंस का गं?"

"नाही," मुलगी वर न बघता म्हणाली. "तुम्ही घरी नेलं असेल."

"छे. आजच नेमकं हवं होतं." ती पुन्हा बसली. "सोमवारी त्या कॉलेजवाल्यांना काम दाखवायचंय. इथे आपल्या मशीनवर उत्तरं बरोबर येतात आणि त्यांच्याकडे चूक. तोच प्रोग्रॅम, त्याच फाइली."

"मग आईला फोन करा."

"नको." तिने बाही तळहातावर ओढली आणि डोळे चोळले. "गेल्या आठवड्यातही हेच विचारलं होतं. मॅडमना वाटेल, भलत्याच मुलीला घेतलं."

मुलीला आत कुठेतरी बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, चांगलंच बरं वाटलं. तिने सूर्याला आणखी एक किरण काढला. पण स्टुलाचं टक् टक् थांबलं होतं, आणि ते थांबल्यावर खोली फार शांत झाली.

"खरं तर मला ते रबराचं नकोच होतं," विद्यार्थिनी म्हणाली. "मी मॅडमना तुला मागितलं होतं."

"मला?"

"त्यांनी सांगितलं होतं ना तुमच्या दोघींचं, तू कशी ऐकतेस ते. मी म्हटलं, अर्धा तास माझ्याजवळ बसू दे की तिला. तर म्हणाल्या, माझी पुस्तकं ने, मशीन वापर, जुनं सगळं काम घे. पण ते बदक माझं आहे. तुला दुसरं आणून देते." ती थोडंसं हसली. "आणि खरंच आणून दिलं. मला जरा लागलंच तेव्हा."

मुलीच्या हातातला खडू कागदावर तसाच राहिला. सूर्याचा तो किरण जरा जाडच झाला.

मग ती उठली आणि बाहेर गेली. चपलांच्या कपाटाचं दार करकरलं. ती परत आली तेव्हा तिच्या हातात रबराचं बदक होतं. चोचीला गमबुटातली माती लागली होती, ती तिने फ्रॉकला पुसली आणि बदक टेबलावर ठेवलं. विद्यार्थिनीने बदकाकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं.

"ऊठ, ताई," मुलगी म्हणाली. "तू आईच्या खुर्चीवर बस. मला स्टूल लागतं."

ताई उठली. मुलगी स्टुलावर चढून बसली, आखूड पायाच्या बाजूला भार न देता. तिला ते जमायचं.

"पहिल्या ओळीपासून सांग. मला काही कळत नाही असं समज."

"आणि कळतं का?"

"नाही. पण आईला सांगायचं नाही."

"काय? तुला कळत नाही ते?"

"ते तिला माहितेय. मी तुझ्याजवळ बसले ते."

ताई सांगू लागली. आधी चाचरत, मग सरळ. मुलगी ऐकत होती. ऊन स्क्रीनवरून उतरून कीबोर्डवर आलं. तिने जांभई दिली नाही, मध्येच हूं केलं नाही.

"आता इथे आपण यादीतली पहिली फाइल उचलतो," ताई म्हणाली, "कारण ती सगळ्यात..."

ओठ उघडे, हात हवेत.

मुलगी श्वास रोखून बसली.

"आपल्या मशीनवर यादी तारखेने लागते," ताई हळूच स्वतःशी म्हणाली. "त्यांच्याकडे नावाने लागत असेल, तर पहिली फाइल नवी कशावरून? हे मॅडमनाही..." आणि तिने कीबोर्ड जवळ ओढला.

एवढ्यात बाहेर जिन्यावर पावलं वाजली. ती कुणाची, हे मुलीला पहिल्या दोन पायऱ्यांतच कळलं.

ती स्टुलावरून आवाज न करता उतरली. टेबलावरचं रबराचं बदक उचलून तिने स्टुलाच्या मधोमध ठेवलं, त्याची चोच ताईकडे वळवली आणि आईसाठी दार उघडायला पळाली.