एका दमात पाडलेलं दार

चाकवाल्याचं पोट नदीवर चालायचं, पण त्याला वाढवलं थोरल्या बहिणीने. आई गेली तेव्हा तो रांगत होता. ताईने त्याला कडेवर घेऊन स्वयंपाक केला, त्याच्यापायी आपलं लग्नही लांबवलं. पुढे तो बंधाऱ्यावर नोकरीला लागला. नदीतून कालव्यात पाणी सोडणाऱ्या दाराचं लोखंडी चाक फिरवायचं, एवढंच त्याचं काम. म्हणून सगळे त्याला चाकवाला म्हणत. ताईची जर्दाळूची बाग त्याच कालव्याच्या शेवटच्या वळणाला होती. नवरा गेल्यावर तिच्यापाशी उरलं ते एवढंच.

त्या वर्षी नदी इतकी आटली, की पाणी एकालाच पुरणार होतं. नदीला, नाहीतर कालव्याला. नदीत पिवळ्या पंखांचा एक बोटभर मासा होता, जगात दुसरीकडे कुठेच नसलेला. बरंच भांडण झालं आणि वरून हुकूम आला: कालवा बंद करा, पाणी नदीत राहू द्या.

ताई डबा घेऊन बंधाऱ्यावरच्या चौकीवर आली. डबा टेबलावर ठेवून ती उभीच राहिली.

"बागेला अजून एक पाणी हवंय रे. फळ गेलं तरी चालेल, झाडं तगतील."

"हुकूम आहे, ताई."

"मग कर की बंद. नको कोण म्हणतंय? पण दरवर्षी बंद करतोस तसं कर. दोन दिवस लावून."

ती खरं तेच सांगत होती. दार एका दमात कधी पाडायचं नाही, सकाळी चार बोटं, संध्याकाळी चार बोटं असं उतरवायचं, ही त्या बंधाऱ्याची जुनी रीत. आधीच्या चाकवाल्याने ती शिकवली होती. का, ते त्याने सांगितलं नाही आणि याने विचारलं नाही. पाणी एकदम ओसरलं तर कालव्याचे काठ ढासळत असतील, असं त्याने आपलं धरून ठेवलं होतं.

रीत पाळली असती तर कुणी हरकत घेतली नसती. पण आदल्या दिवशीच चहाच्या टपरीवर नदीकाठचा एक कोळी हसत हसत म्हणाला होता, "बहिणीची बाग भिजल्याशिवाय याचं चाक कसलं फिरतंय." सगळे हसले. लोकांच्या तोंडाला कुलूप नसतं, हे चाकवाल्याला ठाऊक होतं. पण आयुष्यभर नाकासमोर चाललेला माणूस तो. बोलणं जिव्हारी लागलं.

ताईची पाठ वळताच त्याने चाक धरलं आणि दार तळाला टेकेपर्यंत फिरवलं. मग हात पुसत तो टपरीवर गेला, सगळ्यांना दिसेल असा बसला. खोटं कशाला बोलावं, त्याला बरं वाटलं होतं. ताईने आणलेला डबा मात्र त्याने उघडला नाही.

दोन दिवसांनी मत्स्य खात्याच्या बाई चौकीवर आल्या. गुडघ्यापर्यंत चिखल, चेहरा उतरलेला.

"नदीत पाणी आहे," त्या म्हणाल्या. "मासे नाहीत."

"मग गेले कुठे?"

"कालव्यात. नदी थबकली की ते वाहत्या पाण्याकडे सरकतात. पाणी हळूहळू उतरलं असतं तर चाहूल लागून परत वर चढले असते. दार एकदम कसं पडलं?"

चाकवाला चौकीतून बाहेर पडला. तो कालव्याच्या काठाने चालू लागला. तळाच्या चिखलात जागोजागी पिवळे पंख वाळत पडले होते. सुक्याबरोबर ओलं जळतं म्हणतात. इथे दोन्ही त्याच्याच हाताने जळलं होतं. शेवटच्या वळणावर जर्दाळूची पानं कडेने करपून वळली होती.

ताई अंगणात पिंपाजवळ बसली होती. शेजारी पीठ चाळायची चाळण, चिखलाने भरलेली. बागेतल्या सगळ्यात लहान रोपासाठी राखलेलं पाणी त्या पिंपात होतं. आता त्यात थोडे मासे होते; बरेचसे उलटे तरंगत होते, काही अजून तोंड हलवत होते. ताईचा हात कोपरापर्यंत पाण्यात होता आणि ती गोल गोल ढवळत होती.

"वाहतं पाणी लागतं म्हणे यांना," ती म्हणाली. "त्या बाई सांगून गेल्या. सकाळपासून हेच करतेय, हात भरून आला."

"ताई, लोक म्हणाले असते..."

"म्हणाले असते," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर त्याला सोसलं असतं.

तिने हात बाहेर काढला आणि सरकून त्याला जागा दिली. तो खाली बसला. बाही सारून त्याने हात पाण्यात घातला आणि जोराने फिरवला. तरंगणारे मासे पिंपाच्या कडेला आपटले.

ताईने त्याचं मनगट धरलं, लहानपणी त्याला घास घ्यायला शिकवताना धरायची तसं.

"हळू," ती म्हणाली. "एकदम नको."