समासातल्या मावशी

“पानन् पान पेन्सिलीने भरलंय, काका. समासात बोट ठेवायला जागा नाही,” असं म्हणून ग्रंथपालबाईंनी ते जाडजूड पुस्तक देवघेवीच्या टेबलावर ठेवलं. “शुक्रवारपर्यंत खोडून स्वच्छ झालं तर ठेवू, नाहीतर रद्दीत. आणि खोडण्यात तुमचा हात कोण धरणार?”

काकांनी मान डोलावली आणि खिशातून रबर काढलं. शुक्रवारी ते निवृत्त होणार होते.

अठ्ठावीस वर्षं गावातला प्रत्येक वाचक त्यांना रबरकाका म्हणत आला. परत आलेलं पुस्तक ते उलटंपालटं करून बघायचे, आणि कुठे पेन्सिलीची रेघ सापडली की वाचकाची खैर नसायची. एकदा त्यांनी चांगल्या शाळामास्तरांना त्याच टेबलाशी बसवून त्यांच्या अधोरेखा त्यांच्याकडूनच खोडून घेतल्या होत्या. अशा माणसाने कोणत्या तोंडाने सांगायचं, की या पुस्तकातलं गिचमिड अक्षर आपलं स्वतःचंच आहे?

पुस्तक होतं गायी पाळण्याचं आणि घरी चीज करण्याचं. नऊ वर्षं, दर सोमवारी, गल्लीत दूध घालून झालं की दूधवाल्या मावशी रिकामी किटली पायाशी ठेवून समोरच्या खुर्चीत बसायच्या. त्यांना वाचता येत नव्हतं. काका वाचायचे आणि मावशी ऐकायच्या. ऐकायच्या कसल्या, भांडायच्या.

“दूध छत्तीस अंशांवर आणावे,” काका वाचत.

“अंश कुठे शोधू मी पातेल्यात? कोपर बुडवावं. कोपराला गरम ना गार लागलं की बरोबर. लिहा तिथे.”

“पुस्तकात लिहायचं नसतं, मावशी.”

“मग चुकीचंच राहू द्यायचं का?”

आधी काकांनी चिठ्ठ्यांवर लिहिलं. चिठ्ठ्या गळून पडायच्या. मग एकदा समासात लिहिलं, पुढे खोडू म्हणून. ते खोडणं राहून गेलं, ते राहूनच गेलं. दोन महिन्यांपूर्वी मावशी चार दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन गेल्या. तेव्हापासून सोमवार काकांना खायला उठायचा.

तरीही त्यांनी खोडायला घेतलं. भित्रा माणूस नव्हता तो. पण शेवटच्या तीन दिवसांत अठ्ठावीस वर्षांच्या नावाला बट्टा लावून घ्यायचं मन होत नव्हतं. पहिलं पान गेलं. कोपर गेलं. दुसरं पान गेलं. अकरा पानं झाली तेव्हा टेबलावर रबराचा चुरा साचला होता, आणि काकांना स्वतःचाच भयंकर राग आला होता.

तेवढ्यात एक तरुण बाई तीन गुळगुळीत पुस्तकं आणि रिकामी किटली घेऊन समोर उभी राहिली.

“ही परत घ्या, काका. यात साठ गायींचा गोठा आहे, यंत्रं आहेत. माझ्या दोनच गायी. गायींवरचं, चीजवरचं साधं, चांगलं पुस्तक नाही का तुमच्याकडे?”

“काय अडलंय तुमचं?”

“सगळंच. सासूबाई गेल्या. तांबडी मला बसू देत नाही, लाथ झाडते. चीज करते ते कडू होतं. आमचे हे म्हणतात, रविवारी व्यापाऱ्याला बोलावतो आणि दोन्ही देऊन टाकतो.” तिचा आवाज बारीक झाला. “सासूबाईंनी काही सांगितलंच नाही हो. बघ आणि शिक, एवढंच म्हणायच्या. माझं काही त्यांच्या पसंतीस उतरलंच नाही बहुतेक.”

काकांच्या हातातलं रबर तसंच राहिलं.

“तांबडीला डाव्या डोळ्याने कमी दिसतं,” ते म्हणाले. “डावीकडून गेलं की दचकते. उजव्या अंगाने बसा. आणि दूध गोठवायची गोळी अख्खी टाकत असाल. पाव पुरे.”

ती बघतच राहिली. “तुम्हाला हे कसं माहीत?”

काकांनी पुस्तक तिच्याकडे फिरवलं आणि पानं उलटून धार काढण्याचं प्रकरण उघडलं. तिने समासावर बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. तांबडीचा डोळा होता. काळीला धारेच्या वेळी कोणी बोललेलं खपत नाही, हे होतं. आणि खाली, कोपऱ्यात दाटीवाटीने: ‘सुनेचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. तिला सांगू नका, शेफारेल.’

ती ओळ तिने पुन्हा वाचली. मग पदर डोळ्यांना लावला.

“हे पुस्तकात कशाला, असं मी विचारलं होतं,” काका म्हणाले. “तर म्हणाल्या, पुस्तकात खरं तेवढं असावं ना? मग लिहा.”

ग्रंथपालबाई केव्हाच्या मागे येऊन उभ्या होत्या. काका उठले.

“बाई, हे मीच लिहिलंय.”

“ठाऊक आहे. तुमचं अक्षर मी रोज रजिस्टरात बघते. म्हटलं, जाताना तुमच्या नावाला डाग नको, म्हणून खोडायला दिलं.” बाईंनी पुस्तक पुढे ओढलं. “पण असं खराब झालेलं पुस्तक मला कोणाला देता यायचं नाही.”

सुनेने पुस्तकावरचा हात काढला नाही. बाईंनी खणातून शिक्का काढला आणि पहिल्या पानावर ‘रद्द’ असा ठसठशीत उमटवला.

“आता हे आपलं नाही. न्या तुम्ही, ताई.”

सुनेने पुस्तक उचललं, तसं काकांनी ते अलगद धरलं.

“जरा थांबता का? अकरा पानं मी आजच खोडलीत. पण मला पाठ आहेत.” मग ते बाईंकडे वळले. “तुमचं पेन द्या. शाईचं.”

बाईंनी दिलं. काकांनी चुरा बाजूला सारला, चष्मा पुसला आणि पहिल्या पानाच्या समासात कोपरापासून सुरुवात केली. एकेक शब्द तोंडाने म्हणत ते लिहीत होते. सुनेने समोरची खुर्ची ओढली, किटली पायाशी ठेवली आणि बसली.

“सावकाश लिहा, काका,” ती म्हणाली. “धारेला अजून वेळ आहे.”