उशिरा आलेलं रडू

"आई, मे महिना चालू आहे. आता तरी शाल काढ न," सुरभी म्हणाली.

"गार लागतंय गं," उषा घोगऱ्या आवाजात म्हणाली.

राजेंद्र नगरच्या त्या घरात पंखा लावला की उषाला हुडहुडी भरायची. जानेवारीत तिचे यजमान श्रीकृष्ण गेले, तेव्हाही तिला थंडीच जास्त जाणवली होती. माणसं गळ्यात पडून रडत होती आणि हिचे डोळे कोरडे. दहाव्याला गुरुजी मंत्र म्हणत असताना ती भिंतीला टेकून चक्क झोपली. "पूरी पत्थर आहे ही," नणंद सुमनताई स्वयंपाकघरात म्हणाल्या, ते तिने ऐकलं. त्याचंही वाईट वाटलं नाही. आपलं त्या माणसावर प्रेमच नसावं, असं तिच्या मनात आलं आणि तिने ते मुकाट्याने मान्य करून टाकलं.

सुरभीने शेवटी तिला दवाखान्यात नेलं. रक्ताचा रिपोर्ट पाहून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "थायरॉइड फारच कमी झालंय, काकू. शरीरातली पेशी न् पेशी याच हार्मोनच्या जोरावर चालते. काही वर्षांपासून तरी हे अंगात असणार."

"आम्हाला लगा, उमर झाली म्हणून होतंय," सुरभी म्हणाली.

"सगळ्यांना तसंच वाटतं. हृदय, पोट, डोकं, सगळंच मंदावतं. मनसुद्धा."

रोज सकाळी उपाशीपोटी गोळी सुरू झाली. हळूहळू चेहऱ्यावरची सूज उतरली. उषाला भूक लागू लागली, दुपारची झोप सुटली, हातपाय ऊबदार झाले.

श्रावणात एका सकाळी ती आपणहून उठली आणि भुट्ट्याचा कीस करायला बसली. कणसं किसली, तुपात जिरं-हिंग फोडणीला टाकलं, मिरची घातली, दूध ओतलं. चमच्याने चव घेतली आणि बाहेरच्या खोलीकडे तोंड करून म्हणाली,

"अहो, तिखट कमी वाटतंय का, बघता जरा?"

उषा चमचा धरून तशीच उभी राहिली. मग ओट्याला धरून खाली बसली आणि पोटातून हुंदका फुटला.

सुरभी धावत आली. "आई, काय होतंय? डॉक्टरला फोन लावू?"

"नको," उषा रडता रडता म्हणाली. "तुझे बाबा गेले गं."

सुरभीने हात लांबवून गॅस बंद केला आणि तिच्याशेजारी फरशीवर बसली.