फेऱ्यांची वही आणि पासष्ट इंची टीव्ही

बाबांना ऐंशी वर्षं पूर्ण होणार होती म्हणून घरात नवा मोठा टीव्ही घ्यायचं ठरलं, आणि ठरल्या दिवसापासून आमच्या घरात तीन आठवडे कुणी कुणाशी धड बोललं नाही.

ही कल्पना येल्मरची, माझ्या धाकट्या भावाची. तो दूर उट्रेख्ट शहरात असतो आणि साधी किटली घ्यायची तरी आधी ग्राहक संघाचं मासिक उघडून बसतो. कुठल्या कंपनीचे शंभरातले किती टीव्ही पाच वर्षांत बिघडतात, कुणाचा दुरुस्तीवाला घरी येतो, कुणाचा रिमोट म्हाताऱ्या बोटांना जमतो, असा तक्ताच त्याने केला होता. अर्धा तास तो मला फोनवर तो तक्ता वाचून दाखवत होता. मी बस चालवते. स्टॉपवर माणूस उभा असेल तर थांबायचं, नसेल तर पुढे जायचं, एवढंच मला कळतं. मी म्हटलं, "येल्मर, टीव्ही घ्यायचाय की त्याच्याशी लग्न लावायचंय?"

"निन्के, भरवशाचा हवा. बाबांना मध्येच बिघडलेला चालणार नाही. त्यांच्या वहीचं काय होईल?"

वहीचं मात्र खरं होतं. आमचे बाबा, वीत्से, चाळीस वर्षं दुधाचा टँकर चालवत होते, पण हिवाळा आला की त्यांचं खरं काम सुरू व्हायचं. टीव्हीवर बर्फावरच्या स्केटिंगच्या शर्यती लागल्या की ते वही घेऊन बसत, आणि प्रत्येक खेळाडूच्या प्रत्येक फेरीची वेळ पेन्सिलने लिहून काढत. दहा किलोमीटरची शर्यत म्हणजे पंचवीस फेऱ्या, म्हणजे एकेका माणसाचे पंचवीस आकडे. रकाने स्वतः आखायचे, आणि शर्यत चालू असताना उठायचं नाही, मग दारात पाहुणा का येईना. एके काळी निम्मं गाव असं लिहायचं. आता सगळं फोनवर येतं, त्यामुळे लिहिणारे बाबा एकटेच उरलेत. माळ्यावर त्यांच्या सत्तावन्न वह्या आहेत. येल्मरच्या जन्माच्या दिवशीसुद्धा वहीत एकही रकाना रिकामा नाही. यावरून आई अजून त्यांना टोमणे मारते.

घरातला टीव्ही बत्तीस इंची, एकोणीस वर्षांचा. गेले दोन हिवाळे बाबा त्याच्यावर वैतागलेले. "मेल्याचा काळ जवळ आलाय," ते म्हणायचे. "आकडे पुसट दाखवतो. कोपरा तर सगळा धूसर." म्हणून नवा टीव्ही म्हटल्यावर ते लगेच तयार झाले.

नाही म्हणाली ती आई.

आई, म्हणजे आफ्के, कधी हट्ट करत नाही. यावेळी मात्र तिने रोज नवं कारण काढलं. पहिलं कारण खिडकी. आमच्या गल्लीत संध्याकाळी पडदे कुणी ओढत नाही. दिवा, कुंड्या आणि खुर्चीत बसलेली माणसं, जे आहे ते रस्त्यावरून दिसतं. "एवढा मोठा टीव्ही लावला तर येणारा जाणारा आमच्या घरात सिनेमा बघेल. म्हणतील, आफ्केच्या डोक्यात हवा गेली." दुसऱ्या दिवशी कुंड्या हलवाव्या लागतील हे कारण निघालं. तिसऱ्या दिवशी भिंत कच्ची निघाली.

मी चिडले. "आई, वाढदिवस बाबांचा आहे, तुझा नाही!"

तिने बिस्किटांचा डबा बंद केला. आमच्याकडे कॉफीबरोबर एकच बिस्कीट मिळतं, दुसरं मागायची पद्धत नाही. पण पहिलं घ्यायच्या आत डबा बंद होणं हे मी पन्नास वर्षांत पहिल्यांदा पाहिलं. मी तशीच, बिस्किटाशिवाय, माझ्या घरी आले आणि दोन दिवस धुमसत राहिले.

गुरुवारी माझी सुट्टी होती. बाबा केस कापायला गेलेत हे मला माहीत होतं, म्हणून आईशी सोक्षमोक्ष लावायचा ठरवून मी मागच्या दाराने आत गेले. आई स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती. पुढ्यात वर्तमानपत्र, फेऱ्यांच्या वेळा छापलेलं निकालांचं पान उघडं. शेजारी बाबांची वही. तिच्या हातात खोडरबर होतं.

मला पाहून तिने हात वहीवर ठेवला. मी तो उचलला. बाबांच्या हातचं बत्तीस नऊ, म्हणजे बत्तीस पूर्णांक नऊ सेकंद, खोडून तिने तिथे एकतीस चार लिहिलं होतं. अगदी बाबांसारखं, चाराची शेपटी लांब काढून.

"आई, हे काय?"

"बस," ती म्हणाली. "त्याला आकडे दिसत नाहीत, निन्के. दोन वर्षं झाली. खिशात स्टॉपवॉच ठेवतो. खेळाडू रेषेवरून गेल्याचं त्याला अंधुक कळतं, तेवढ्यावर बटण दाबतो. मग घड्याळ नाकाला लावून वाचतो आणि लिहितो. कधी बरोबर येतं, कधी नाही. मी दुसऱ्या दिवशी पेपर बघून नीट करते."

"डॉक्टरकडे गेला होतात?"

"गेलो की. डोळ्याचा मधला भाग जातोय म्हणाला. कडा राहतील, मधलं परत येणार नाही. वीत्सेनं सगळं ऐकून घेतलं, आणि बाहेर आल्यावर मला म्हणाला, 'डॉक्टर पोरगेला आहे. आपला टीव्हीच खराब झालाय.' तेव्हापासून गाडीही मीच चालवते."

"गुडघा दुखतो म्हणून ना?"

"गुडघा!" आई म्हणाली. "त्याचा गुडघा माझ्यापेक्षा धड आहे."

मी बसले. रोज शंभर माणसं बसमध्ये चढता उतरताना बघते, कुणाचा पाय लटपटतोय ते आरशातून कळतं मला, आणि माझ्या बापाचे डोळे गेलेले मला दिसले नव्हते. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नाही.

"मग तू टीव्हीला नाही का म्हणतेस? उलट मोठा असेल तर..."

"टीव्ही जुना आहे तोवर दोष टीव्हीचा आहे," आई म्हणाली. "तुम्ही नवा आणाल, मोठा आणाल, शंभरात पहिला आलेला आणाल. आणि त्यावरही त्याला दिसलं नाही, तर मग तो दोष कुणाला देईल?"

तिने बिस्किटांचा डबा उघडून माझ्यापुढे सरकवला, आणि मी दोन घेतली तरी काही बोलली नाही.

संध्याकाळी मी येल्मरला सगळं सांगितलं. तो गप्प झाला. येल्मर गप्प झाला की समजावं, तो रडतोय. मग नाक ओढत म्हणाला, "कडा राहणार असतील तर मोठ्या पडद्यावर थोडं तरी दिसेल गं. पासष्ट इंच. तीन मीटरवरून." आता आईने तरी नको म्हणायचं कसं? बाबांनी शनिवारची वाट बघत मोजपट्टीसुद्धा कोटाच्या खिशात घालून ठेवली होती.

शनिवारी आम्ही चौघं स्नेक गावातल्या टीव्हीच्या दुकानात गेलो. भिंतभर टीव्ही, आणि सगळ्यांवर एकच हिरवा पोपट पंख पसरत होता. विकणारी मुलगी विशीतली, गालावर तीळ, उत्साही. ती काळे रंग किती खोल आहेत ते सांगू लागली. बाबांनी तिला हाताने थांबवलं, घडीची मोजपट्टी उलगडली आणि टीव्हीपासून जमिनीवर तीन मीटर वीस सेंटीमीटर मोजले. "माझी खुर्ची इथे," ते म्हणाले. "आता पोरी, हा पोपट घालव आणि स्केटिंग लाव."

तिने कुठूनशी एक जुनी शर्यत शोधून पासष्ट इंचीवर लावली. एका स्टुलावर बाबा ताठ बसले, उजवा हात कोटाच्या खिशात. आई त्यांच्या मागे उभी होती आणि तिने आपल्या पिशवीचे पट्टे मुठीत आवळून धरले होते.

खेळाडू वळणावरून आला, रेषा ओलांडून गेला. कोपऱ्यात आकडा आला: तेहेतीस चार. चांगला तळहाताएवढा.

आणि आमचा येल्मर! तक्ते करणारा, शहाणा येल्मर न राहवून म्हणाला, "किती आली, बाबा?"

मला त्याला तिथेच चिमटा काढावासा वाटला. बाबांनी मान थोडी तिरकी केली. "तीस नऊ," ते म्हणाले.

मुलीने तोंड उघडलं.

"बरोबर," आई म्हणाली. "तीस नऊ."

"तीस नऊ," मी म्हटलं.

"हो, तीस नऊ," येल्मर म्हणाला.

मुलीने आमच्या तिघांच्या तोंडाकडे पाहिलं, मग टीव्हीकडे, मग बाबांकडे. "हो आजोबा," ती हळूच म्हणाली. "तीस नऊच."

बाबांनी खिशातला हात बाहेर काढला. मग उठून त्यांनी मोजपट्टीची घडी घातली. "छान आहे. स्पष्ट आहे. भरवशाचा आहे ना?"

"शंभरात सत्त्याण्णव, बाबा," येल्मर म्हणाला.

"मग हाच."

वाढदिवस दुसऱ्याच दिवशी, रविवारी. टीव्ही सकाळीच भिंतीवर चढला आणि भिंत काही पडली नाही. गल्लीतली मंडळी आली, गोल मांडलेल्या खुर्च्यांवर बसली, बाबांचं अभिनंदन केलं, आणि इथल्या रीतीप्रमाणे आईचं केलं, माझं केलं, येल्मरचंही केलं. केकचा एकेक तुकडा खाऊन, टीव्हीकडे न बघितल्यासारखं करत सगळे वेळेवर घरी गेले. दुपारी तीनला हेरेनवेनच्या बर्फाच्या मैदानावरून दहा किलोमीटरची शर्यत दाखवणार होते.

बाबा खुर्चीत बसले. वही मांडीवर, रकाने आखलेले. आई स्वयंपाकघरात उगीच कप घासत होती. एकच कप, पुन्हा पुन्हा.

"आफ्के," बाबांनी हाक मारली. "इकडे ये. खुर्ची घेऊन ये."

ती हात पुसत आली. बाबांनी वही उचलून तिच्या मांडीवर ठेवली आणि पेन्सिल तिच्या हातात दिली.

"तू लिही."

"मी? मला कुठे जमतं?"

"दोन हिवाळे लिहितेयस की."

येल्मरने माझा हात घट्ट धरला. आमच्या घरात असं कुणी कुणाचा हात धरत नाही.

बाबांनी वहीचं मागचं एक पान चाचपडून काढलं आणि त्यावरून अंगठा फिरवला. "डोळे गेलेत माझे, बोटं नाही गेली. रबराने घासून घासून पान इतकं पातळ केलंस, की पलीकडचं बोट लागतं."

"मग बोलला का नाहीस रे?"

"तू इतक्या मायेनं करत होतीस. मला वाटलं, चालू दे. मला टीव्हीचा आधार होता, तुला रबराचा." त्यांनी मान तिरकी करून तिच्या चेहऱ्याचा शोध घेतला. हल्ली ते असेच बघायचे. आम्हाला वाटायचं, मान आखडलीय. "पण काल दुकानात मी मुद्दाम तीस नऊ म्हटलं. इतक्या सावकाश गेलेला गडी तीस नऊ कसा काढेल? तुम्ही तिघं खोटं बोलणार हे मला माहीतच होतं. पण त्या बिचाऱ्या पोरीलाही माझ्यासाठी खोटं बोलावं लागलं, तेव्हा म्हटलं, आता पुरे झालं."

"मला वाटलं, नवा टीव्ही आला की तू खचशील," आई म्हणाली आणि रडू लागली. हातातल्या फडक्याने डोळे पुसत, मोठ्याने. "दिसतच नाही तर घेतलास कशाला एवढा मोठा?"

"तुझ्यासाठी," बाबा म्हणाले. "तुझा चष्मा काय कमी जाड आहे? बत्तीस इंचीवर तुलाही धड वाचता येत नसणार, म्हणून तर दुसऱ्या दिवशीच्या पेपराची वाट बघायचीस. आता आकडे तू वाचायचेस. मोठ्याने वाच, म्हणजे मलाही कळतील."

शर्यत सुरू करणारी बंदूक वाजली. आईने नाक पुसलं, चष्मा वर सरकवला आणि खुर्ची पुढे ओढली. पहिली फेरी संपली, आकडा आला. ती म्हणाली, "पस्तीस एक."

"पहिली जडच जाते. लिही."

तिने लिहिलं. दुसरी फेरी आली. "एकतीस दोन."

"माझ्या घड्याळात एकतीस पाच," बाबा खिशातलं घड्याळ नाकाला लावून म्हणाले.

"मग तुझा अंगठा म्हातारा झालाय."

"असेल. तुझं लिही."

खिडकीबाहेरून शेजारची सीप्के सायकल ढकलत चालली होती. ती थांबली, आत बघितलं, आणि आईने पेन्सिल धरलेल्याच हाताने तिला हात केला. तिसऱ्या फेरीचा आकडा लिहिताना आई चुकली, आणि सवयीने तिचा हात टेबलावर रबराकडे गेला. रबर तिथे नव्हतं. बाबांनी ते आधीच चाचपून आपल्या खिशात टाकलं होतं.

"काट मार आणि शेजारी लिही," ते म्हणाले. "दिसू दे चूक."